दुभाष्याचे काम हेही कामच



“त्याला दोन्ही भाषा येतात, त्यालाच विचारा,” असे म्हणून खात्यातला एखादा गडी पुढे ढकलला जातो. साहेबाचे बोलणे त्याने साच्यावरच्या माणसाला सांगायचे, त्या माणसाचे गाऱ्हाणे साहेबाला. पाळी सुटते, पगार मात्र साच्याचाच. हे दुसरे काम कुणाच्या हिशेबात येत नाही. भाषा येते म्हटल्यावर त्यात कसले आलेत कष्ट, असे मालकाला वाटते. आपल्यातल्याही पुष्कळांना तसेच वाटते, आणि ते साफ चूक आहे.

ज्याला दोन भाषा येतात त्याच्या डोक्यात दोन्ही एकदम जाग्या असतात. एक बोलायची तर दुसरी दाबून धरावी लागते. १९९९ साली इंग्लंडात अशा माणसांना आकडे दाखवून कधी या भाषेत, कधी त्या भाषेत वाचायला लावले. तेव्हा कच्च्या भाषेतून मायबोलीवर परत येतानाच जास्त खोळंबा झाला. मायबोली अंगात मुरलेली, तिला दाबायला जोर जास्त लागतो, म्हणून सुटायलाही वेळ लागतो. भाषांतर करणाऱ्याला तर तेवढ्यानेही भागत नाही. एक भाषा ऐकायची, अर्थ धरून ठेवायचा आणि दुसरी बोलायची.

बोलणे आणि भाषांतर ही कामेही निराळी. १९८२ साली मिशेल पॅराडिस व त्यांच्या सोबत्यांनी मेंदूला इजा झालेल्या, फ्रेंच आणि अरबी जाणणाऱ्या एका रुग्णाची हकिकत छापली. ज्या भाषेत त्या दिवशी आपणहून धड बोलता येत नव्हते, तिच्यात भाषांतर मात्र जमत होते! ज्या भाषेत बोलणे चालू होते, तिच्यात भाषांतर जमेना.

लांब कशाला, आमच्या दौलताबादकडे बघा. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे देवगिरीला आणून वसवली. त्यांची बोली इथल्या मराठीच्या शेजाराने बदलत गेली. दखनीतला ‘नक्को’ आपल्या ‘नको’चा, आणि जोर द्यायला शब्दामागे लागणारा ‘च’सुद्धा मराठीचा. दोन्ही भाषा एकाच तोंडात जाग्या राहिल्या की असेच व्हायचे. उलट बाजूने हिशेब, बाकी, वसूल, कागद हे फारसीतून आलेले शब्द आपण मराठी म्हणूनच बोलतो. त्यांचे भाषांतर कुणाला करावे लागत नाही. याच गडावर जनार्दनस्वामींपाशी पैठणचे एकनाथ शिकले, आणि पुढे त्यांनी हिंदू-तुर्कांचा संवाद भारुडात मांडला, तोही तुर्काच्या तोंडी त्याची बोली घालून.

पण हे शेजाराचे झाले. सत्तेचे निराळे. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत कचेरीची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याने स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. वाचणारा थकलेला असला, घाईत असला किंवा सावकाराचा असला, तर अंगठा कशावर उठला हे त्याला कसे कळणार?

गिरणीतही तेच. मोठमोठ्या परिषदांत बोलणे चालू असतानाच भाषांतर करणारे दुभाषे जोडीने बसतात आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पाळी बदलतात, कारण त्यापुढे चुका वाढतात हे त्यांना ठाऊक आहे. आमचा गडी आठ तास साच्याच्या खडखडाटात उभा राहून शेवटी आरोपपत्राचे मराठी करून देतो! त्यात एक ‘नाही’ सुटला तर नोकरी कुणाची जाते?

कामाच्या अटी बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायच्या, हे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातच लिहिले गेले होते. म्हणून नोटीस असो, आरोपपत्र असो की राजीनाम्याचा कागद, मराठी प्रत हातात घ्या, घरी नेऊन वाचा आणि मगच सही करा. आणि ज्याला दुभाष्या म्हणून उभे करतील त्याचा तेवढा वेळ कामाचा म्हणून लिहून घ्या, साच्यावर त्याच्या जागी बदली मागा.