नवाबाचा दिवाण फासावर

वाचकहो, वैभवाची सावली किती लवकर सरते पाहा. १७६३ साली मीर जाफर पुन्हा बंगालचे नवाब झाले आणि राज्याचा कारभार त्यांचे दिवाण महाराजा नंदकुमार यांच्या हाती आला. १७६५ मध्ये नवाब निवर्तले. कंपनीने अधिकार मुहम्मद रझाखानाकडे सोपविला. पुढे मार्च १७७५ मध्ये नंदकुमारांनी गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप केला. थोड्याच महिन्यांत जुन्या बनावट कर्जरोख्यावरून खुद्द त्यांच्यावरच खटला चालला. या अपराधाला इंग्रजी कायद्यात देहदंड होता, देशी प्रघातात नव्हता. ५ ऑगस्ट रोजी कलकत्त्यात त्यांना फाशी झाली. अधिकार जाणे हे दैव म्हणू. परंतु परक्या कायद्याने प्राण घेणे, याला न्याय म्हणावे काय?