दृष्टिरेषेबाहेरचे ग्रह

आमच्या पिढीने शाळेत नऊ ग्रहांची नावे पाठ केली आणि मंगलकार्यात नवग्रहांची पूजा मांडली. इतर ताऱ्यांनाही ग्रह आहेत काय, हे त्या वेळी कोणासच निश्चित ठाऊक नव्हते. १९९२ साली एका मृत ताऱ्याभोवती आणि १९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह आढळले. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा सिद्ध झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

परंतु न दिसलेल्या ग्रहांचा हिशेब याहून उद्बोधक आहे. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात मुख्यतः याच खुणेवरून अडीच हजारांहून अधिक ग्रह हुडकले. पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे सूर्याचा प्रकाश जेमतेम बारा हजारांत एक भाग कमी होईल. शिवाय ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत यावी लागते आणि पृथ्वीसारख्या ग्रहाचा तसा योग सुमारे दोनशेंत एक. अशी गणिते मांडून शास्त्रज्ञ म्हणतात की, आपल्या आकाशगंगेत सरासरीने दर ताऱ्यामागे निदान एक ग्रह असावा. ताऱ्याला ग्रह असणे हाच नियम होय. जीवसृष्टी मात्र अद्याप आपल्या पृथ्वीवरच ज्ञात आहे.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एका ताऱ्याच्या व त्याच्या ग्रहाच्या नामकरणाचा मान भारतास दिला. ताऱ्यास भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’ हे नाव मिळाले. ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव सुचविले ते पुण्याच्या एका शाळकरी मुलाने!

हा मान उद्या संकेश्वरच्या मुलास का लाभू नये? आंबोलीत उगम पावून हिरण्यकेशी ज्या संकेश्वराजवळून वाहते, तेथून कोल्हापूर दूर नाही. पुण्यात १९८८ साली ‘आयुका’ उभारणारे आणि मराठीतून विज्ञान सांगणारे जयंत नारळीकर त्याच कोल्हापुरात जन्मले. परंतु सीमाभागाची चर्चा पाट्यांच्या भाषेपलीकडे क्वचितच जाते. भाषेचा हक्क आम्हांस मान्य आहे, नव्हे, प्रिय आहे. तथापि मराठी शाळेतील मुलास आजचे विज्ञान मराठीतून मिळाले नाही, तर तो हक्क पाटीपुरताच उरेल.

शाळेस एक साधी दुर्बीण, ग्रंथालयास नवी विज्ञानविषयक पुस्तके आणि मराठी व कन्नड मुलांनी एकत्र बसून आकाश पाहावे अशा वर्षातून चार रात्री, एवढ्यासाठी कोणत्याही निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. दोनशेंतला एकच ग्रह दिसतो, म्हणून उरलेले नसतात असे नाही. गावोगावच्या बुद्धिमत्तेचेही तसेच आहे. ती दृष्टिरेषेत आणणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य होय.