चौथऱ्यावरची इंजिने

वाफेच्या इंजिनांविषयीचे प्रेम अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात बरेच वाढलेले दिसते. त्याबद्दल आम्हांस आनंदच वाटला असता. पण या प्रेमाची मजल रंगाच्या डब्यापलीकडे जात नाही, ही आमची तक्रार आहे. स्थानकाबाहेर चौथरा बांधावा, त्यावर एखादे जुने इंजिन चढवावे, त्यास काळा तकतकीत रंग फासून भोवती साखळी लावावी, आणि या सर्व खटाटोपास 'जतन' असे भारदस्त नाव द्यावे, असा परिपाठच पडून गेला आहे.

आता वाफेच्या इंजिनात पाहण्यासारखे असते तरी काय? भट्टीतील जाळ बॉयलरमधल्या नळ्यांतून जातो, नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते, ती वाफ सिलिंडरमधील दट्ट्याला एकदा पुढून व एकदा मागून रेटते, आणि काम आटोपल्यावर धुराड्यातून झोताने बाहेर पडता पडता भट्टीतील तप्त वायू आपल्याबरोबर ओढून नेते. इंजिनावर ओझे जितके अधिक, तितका हा झोत जोराचा आणि तितका जाळही प्रखर! ही युक्ती ज्याने डोळ्यांनी पाहिली व कानांनी ऐकली, त्याला इंजिन कळले. चौथऱ्यावर यातले काय दिसते? नेरळ स्थानकात 738 क्रमांकाचे इंजिन मांडून ठेवले आहे. 1907 साली सुरू झालेल्या माथेरानच्या दोन फुटी रुळांवरील वळणे इतकी अवघड, की या जर्मन इंजिनांच्या पुढल्या-मागल्या चाकांना बाजूस सरकण्याची सोय करावी लागली. उभ्या इंजिनाकडे जन्मभर टक लावून बसले, तरी ही गोष्ट कोणास उमगणार नाही.

याहूनही पुढची पायरी आता गाठली गेली आहे. 2023 साली गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद अशी एक 'वारसा' गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. लळितातल्या सोंगाला आपण सोंग आहोत हे निदान मान्य असते!

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. चालविल्याने इंजिन झिजते, भाग बदलावे लागतात, आणि अखेर मूळचे असे थोडेच उरते, असे संग्रहालयांचे अभ्यासक सांगतात. स्टीफन्सनचे 1829 सालचे 'रॉकेट' पुन्हा पेटवावे असे आम्हीही म्हणणार नाही. त्याची 1979 साली केलेली चालती प्रतिकृती पुरेशी आहे. परंतु आपल्या चौथऱ्यांवरील पुष्कळशी इंजिने एकाच नमुन्याची, शेकड्यांनी घडलेली. त्यांतली दोन-चार चालती ठेवण्यास काय हरकत? 1855 साली लीड्स येथे घडलेली 'फेअरी क्वीन' 1909 मध्ये कामातून निघाली होती. 1997 मध्ये तीच दिल्लीहून अलवारला गाडी घेऊन गेली. तेव्हा हे आपल्याला साधत नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

खरी भीती निराळीच आहे. लोखंड टिकेल, ते चालविणारे हात टिकणार नाहीत. इंग्लंडात 'टॉर्नेडो' नावाचे संपूर्ण नवे वाफेचे इंजिन 2008 साली पुरे झाले. पण या विद्येच्या माहेरघराला त्याचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथून करवून आणावा लागला. आपल्याकडे ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक 1995 च्या डिसेंबरात थांबली. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. कोळसा भट्टीत कोठे पातळ व कोठे दाट पसरावा, चढ लागण्यापूर्वी बॉयलरात किती पाणी घ्यावे, हे त्याच्या मनगटात आहे. चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर ते कोरता येत नाही.

म्हणूनच छोट्या मॉडेलांचे वेड आम्हांस या भव्य देखाव्यांहून अधिक मोलाचे वाटते. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज कारागिराने 1920 नंतरच्या दशकात, अडीच इंची रुळांवरच्या 'आयेशा' या कोळशावर चालणाऱ्या चिमुकल्या इंजिनाकडून जिवंत माणसे ओढवून दाखविली, आणि स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या इंजिनांच्या कैवाऱ्यांशी त्याचा कडाक्याचा वाद झाला. असले इंजिन करणारा मनुष्य तांब्याचा बॉयलर स्वतः झाळतो, पाण्याच्या दाबाने त्याची परीक्षा घेतो, आणि जाळ विझला की तो का विझला याचा विचार करतो. एका चौथऱ्याच्या खर्चात एखाद्या तंत्रशाळेतील मुलांना असे इंजिन खास करता येईल, आणि भट्टी पेटविण्याचा पहिला धडा द्यायला जवळपासच्या रेल्वे-वसाहतीत एखादा जुना फायरमनही सापडेल. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी त्याचा पत्ता आजच टिपून ठेवावा.