चालीवर लिहिणे ही चाकरी नव्हे

चालीवर शब्द बसवले की कविता मरते, हे विधान मराठी साहित्यिकांच्या बैठकीत अजूनही पुराव्याशिवाय खपते. कवीने आपल्या मनाने लिहावे आणि संगीतकाराने नंतर चाल लावावी, एवढाच क्रम शुद्ध. उलट क्रमाने झालेले ते सगळे मात्रा मोजून केलेले भरताड, असा हा पूर्वपक्ष. त्यातूनच ‘गीतकार’ नावाची एक खालची पंगत मांडली गेली. मला हा पूर्वपक्ष मुळापासून अमान्य आहे.

अमेरिकन संगीत रंगभूमीवरच्या रिचर्ड रॉजर्सने दोन्ही क्रम वापरले. गीतकार लॉरेन्झ हार्टबरोबर काम करताना बहुतेक वेळा चाल आधी तयार असे. ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबर, १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’पासून, मुख्यतः शब्द आधी येऊ लागले. संगीतकार तोच, क्रम उलटा, आणि दोन्हीकडची गाणी आजही गायली जातात. मग क्रमाने काय ठरले?

हार्टचे एक उदाहरण तर या वादाचा निकालच लावते. रॉजर्सच्या एकाच चालीवर त्याने एकामागून एक तीन वेगवेगळी गाणी लिहिली. त्यांतले एकही लोकांच्या ओठी बसले नाही. १९३४ मध्ये चौथ्यांदा लिहिले ते ‘ब्लू मून’, आणि ते जगभर गेले. बदलले होते फक्त शब्द. शब्द म्हणजे नुसते भरताड असते, तर पहिल्याच खेपेला काम भागले असते. चालीच्या पोटातला अर्थ हुडकून त्याला भाषा देणे हे कवीचेच काम आहे, आणि ते कोऱ्या कागदावर लिहिण्याइतकेच अवघड आहे. ‘चाल चांगली असली की शब्द कुठलेही चालतात’ अशी फुशारकी मारणाऱ्या संगीतकारांनाही हेच उत्तर पुरेसे आहे.

शब्द आधी आले म्हणूनच गीतरामायण थोर झाले, असेही सांगितले जाते. शब्द आधी आले हे खरे, पण ते कोणाच्या हाती पडणार हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. कवी गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजी दोघेही १९१९ चे. आकाशवाणीतल्या सीताकांत लाडांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. त्याआधीच ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’ अशा चित्रपटांतून ही जोडी घासूनपुसून तयार झाली होती. पहिल्या गीताचा कागद हरवला आणि गदिमांनी ते थोडक्या वेळात पुन्हा लिहून दिले, ही आख्यायिका सांगताना लोक चमत्कारापाशीच थांबतात. त्या वेगामागे कितीतरी वर्षांची सोबत होती, याचा कोणी उल्लेख करत नाही. दर आठवड्याला नवे गीत, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न. प्रतिभा कितीही दांडगी असली, तरी एकमेकांच्या कामाची सवय नसलेल्या दोघांना हे पेलले नसते.

गदिमांची ओळ वाचतानाच गायकाला श्वास कुठे घ्यायचा ते कळते. ठहराव हवा तिथे दीर्घ स्वर मिळतो, आणि जोडाक्षर येते तेही लयीला ठेच न लावता. म्हणजे त्यांच्या कानात चाल नसली तरी गाणारा गळा होता. दुसऱ्या बाजूने पाहा. पितृशोकाने खचलेल्या भरताची राम समजूत घालतो, ते दीर्घ गीत बाबूजींनी यमन कल्याणात बांधले. प्रसंग शोकाचा, एखाद्याने तिथे सहज करुण रागाचा आधार घेतला असता. बाबूजींनी ते रडगाणे होऊ दिले नाही, कारण बोलणारा माणूस धीर देणारा आहे हे त्यांनी ओळखले. हे वाचन आहे, भाष्य आहे. अशा ठिकाणी संगीतकार शब्दांचा निव्वळ वाहक उरत नाही, अर्थ ठरवण्यात तो निम्म्याचा धनी होतो.

म्हणून भागीदारीत जपायची गोष्ट क्रम नव्हे, अधिकार. ‘हा शब्द गळ्यात अडतो’ असे संगीतकाराने कवीला सांगता आले पाहिजे, आणि ‘या चालीत माझा अर्थ बुडतो’ असे कवीने संगीतकाराला. जिथे एकाला हे बोलायची चोरी असते तिथे चाकरी सुरू होते, मग शब्द आधी असोत वा चाल.

आपल्या विद्यापीठांना हे मान्य असेल, तर मराठीच्या अभ्यासक्रमात गदिमांची गीते नुसती छापून लावू नयेत. ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवावे, आणि परीक्षेत चालीवरही प्रश्न विचारावा.