जपानचं ‘ओनसेन’ आणि पैनगंगेकाठचं गरम पाणी: फरक कुठे पडतो?

वाफाळत्या कुंडात निवांत बसलेल्या पर्यटकांचे जपानी रील्स तुम्हीही पाहिले असतील. या झऱ्यांना तिथे ‘ओनसेन’ म्हणतात आणि मुक्कामाच्या पारंपरिक जागेला ‘रयोकान’. भाडं बहुधा माणशी, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. आलिशान रयोकानचा दर ऐकूनच घाम फुटतो, तो भाग वेगळा.

यवतमाळकरांना गरम झरे नवे नाहीत. पैनगंगेपलीकडे किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. पाणी गंधकयुक्त. त्वचारोग बरा व्हावा म्हणून लोक इथे आंघोळीला येतात. (डॉक्टरांचा इलाज मात्र सोडू नका!)

मग इथे जपानसारखं का झालं नाही? कारण फक्त पैसा नाही. जपानमध्ये 1948 पासून ओनसेनचा स्वतंत्र कायदा आहे. गरम पाण्यासाठी बोअर घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी लागते. शिवाय आंघोळीवर कर, साधारण 150 येन. तो स्थानिक पालिकेला मिळतो आणि झऱ्यांचं जतन, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटन यांवरच खर्च करावा लागतो. बेप्पू शहरात महागड्या मुक्कामाला हा कर जास्त आहे.

आपल्याकडे ‘विकास’ म्हटलं की आधी रिसॉर्ट आठवतं. पण त्याच बेप्पूत 1879 मध्ये सुरू झालेलं ताकेगावारा हे सार्वजनिक स्नानगृह आजही अगदी स्वस्तात सगळ्यांना खुलं आहे. उनकेश्वरला उद्या रिसॉर्ट आलंच, तर खाज-खरूज घेऊन एसटीने येणाऱ्या माणसाला कुंडाशी जागा उरेल का, हे आराखड्यात आधी लिहिलेलं हवं.