पाणवठ्याला कुलूप कशासाठी?

जैवमाहितीशास्त्र पदवीच्या पहिल्या वर्षाला झेपणार नाही, असे सांगणाऱ्या पंडितांना एक प्रश्न विचारला पाहिजे : हे ज्ञान कोणाच्या पैशावर उभे राहिले? १९८२ साली अमेरिकी सरकारच्या खर्चाने सुरू झालेली ‘जेनबँक’ ही जनुकक्रमांची पेढी आजही साऱ्या जगाला विनामूल्य खुली आहे. क्रमांतील साम्य शोधणारी १९९० ची ‘ब्लास्ट’ आज्ञावलीही तशीच. मानवी जनुकसंचावर खाजगी मालकी येऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडा येथे नवी माहिती चोवीस तासांत जाहीर करण्याचे ठरविले. हे सार्वजनिक धन विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या भरमसाट शुल्कामागे कोंडणे म्हणजे गावच्या पाणवठ्याला कुलूप लावून किल्ली सावकाराच्या हाती देणे होय.

मात्र कळ दाबून उत्तर मिळविणे हे शिक्षण नव्हे. सापडलेले साम्य केवळ योगायोगाचे तर नाही ना, हे ताडणारा आकडा ज्याला वाचता येत नाही, तो यंत्राचा हरकाम्याच राहणार. हे शिकवायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि प्रश्न विचारू देणारा शिक्षक पुरतो. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ पासून आहे. तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत ते ज्ञान पोहोचत नसेल, तर उणीव विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नाही, राज्यकर्त्यांच्या इच्छेत आहे.