पोलिसांना संघटना हवी. ती मागायची आपण

महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायांना, हवालदारांना आणि फौजदारांना त्यांची स्वतःची, सरकारमान्य संघटना मिळावी, यासाठी येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एक पत्र लिहा, अशी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. ही मागणी पोलीस उघडपणे करू शकत नाहीत. वर्तमानपत्राशी बोलले तर शिस्तभंग, मोर्चा काढला तर निलंबन, नुसते चार जण जमून निवेदन द्यायला गेले तरी कोणी जमवले याची चौकशी. गणपती आले की नवरात्र, नवरात्र संपले की दिवाळी, मध्येच कुठली तरी निवडणूक. या सगळ्या बंदोबस्तांत माणसे पुन्हा भरडली जातील. त्याआधी आपण बोलायला हवे.

गेल्या विसर्जनाच्या रात्री पुण्यात अलका चौकाजवळ एक महिला पोलीस बॅरिकेडला टेकून उभी होती. वय पंचविशीच्या आतबाहेर. पहाट व्हायला आली होती आणि मिरवणूक अजून अर्धीही सरली नव्हती. पायाशी पाण्याची बाटली होती, सील न तोडलेली. शेजारी पुरीभाजीचे पाकीट, तेही तसेच. मी म्हटले, ताई, पाणी तरी प्या. ती म्हणाली, "प्यायलं की जायला लागतं, आणि जायचं कुठं?" काल सकाळी घरातून निघाली होती. घरी कधी जाणार, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिने विचारलेही नव्हते.

विचारले असते तर कोणाला? हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण सगळे घोडे तिथेच अडते. शिपायाला रजा हवी असेल तर अर्ज आधी हजेरी मास्तराकडे जातो, तिथून वरिष्ठ निरीक्षकाच्या टेबलावर, आणि बऱ्याचदा 'बंदोबस्तामुळे नामंजूर' असा शेरा घेऊन परत येतो. मुलीचे बारसे असो, आईचे ऑपरेशन असो, शेरा तोच. शेऱ्याविरुद्ध दाद मागायची तर ती त्याच साहेबाच्या वरच्या साहेबाकडे. खात्यात 'दरबार' भरतो, तिथे अडचणी मांडायची सोय आहे असे सांगतात. पण ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच समोर किंवा शेजारी बसलेला असताना, दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाताखाली हजेरी लावायची असताना, किती जण उभे राहून बोलतील? साप्ताहिक सुट्टी कागदावर आहे. ती रद्द करायला फोनवरचा एक निरोप पुरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये किरकोळ रजा वर्षाला १२ वरून २० करण्याचा निर्णय झाला आणि तो चांगलाच झाला. पण माणूस मिळत नाही म्हणून पूर्वीच्या १२ सुद्धा ज्याला घेता येत नव्हत्या, त्याच्या हातात २० आल्याने काय फरक पडला?

कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये देशभरातल्या पोलिसांच्या कामाचा अहवाल काढला. पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात, असे त्यात आढळले. चारांतल्या जवळपास तिघांनी सांगितले की, कामाच्या ओझ्याचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतो आहे. सोळाव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाकडे आपण तक्रार घेऊन जातो. त्याचा आवाज चढतो, तो उद्या या म्हणतो, जबाबात चुका करतो, आणि आपण चिडून घरी येतो. आपला राग खरा आहे. पण त्या टेबलापलीकडचा माणूस काल रात्री झोपला होता का, हेही त्याच रागाने सरकारला विचारले पाहिजे.

कायदा काय सांगतो? राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने पोलीस आणि सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यातूनच पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा आला. पुष्कळांना वाटते की या कायद्याने पोलिसांची संघटना साफ बेकायदा ठरते. तसे नाही. सक्षम अधिकाऱ्याची स्पष्ट परवानगी नसेल तर कामगार संघटनेत जाता येणार नाही, असे तो म्हणतो. परवानगी देता येते, हे त्यातच आले. त्याहून जुना १९२२ चा पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा तर इंग्रजांचा, तोही असहकाराच्या धामधुमीतला. त्यातसुद्धा सरकारमान्य पोलीस संघटनेने आपल्या मंजूर नियमांनुसार सभासदांच्या हितासाठी केलेले काम गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद आहे. परक्या सरकारने ठेवलेली ही फट आपण स्वतंत्र महाराष्ट्रात लिंपून टाकली आहे.

ती का लिंपली गेली, हे जाणत्या वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट १९८२. मुंबईत गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू होता आणि शहर आधीच धुमसत होते. पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना पगार, घरे, कामाचे तास यांसाठी मागण्या करत होती. स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता काढून घेतली गेली आणि वरळी-नायगावच्या पोलीस वसाहतींतून माणसे रस्त्यावर उतरली. गिरणी कामगार त्यांना मिळाले. दंगल झाली, माणसे मेली, सैन्य बोलवावे लागले. पोलीसच रस्त्यावर उतरल्यावर शहराचे काय होते, ते मुंबईने त्या दिवशी पाहिले. तसे पुन्हा कधी होऊ नये, हे मला मनापासून मान्य आहे. म्हणूनच पोलिसांना संपाचा हक्क मिळावा, असे हे आवाहन म्हणत नाही.

पण संप नको म्हणताना आपण आवाजही काढून घेतला, आणि त्या जागी चाळीस वर्षांत काहीही दिले नाही. इंग्लंडमध्ये १९१८ आणि १९१९ मध्ये पोलिसांनी संप केले. तिथल्या सरकारनेही संपाचा हक्क काढून घेतला, पुढाऱ्यांनाही घरी पाठवले. मात्र १९१९ च्या ज्या कायद्याने हे केले, त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन उभे केले. शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या पोलिसांचे प्रतिनिधी पगार आणि कामाच्या अटींवर सरकारशी बोलणार, अशी ती व्यवस्था. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले. आपल्या देशातच केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना अनेक दशके आहे. तिच्या निवडणुका होतात, अधिवेशने होतात, मंत्री तिथे जाऊन मागण्या ऐकतात. तिच्यावर पक्षीय रंग चढल्याच्या तक्रारीही होत आल्या आहेत आणि त्यापासून आपण शिकावे. पण त्यामुळे केरळचे पोलीस दल कोसळलेले नाही.

आणि आपल्याकडे वरच्यांना संघटना आहेच की. आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे, ठराव करते, निवेदने काढते. राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ आहे. मंत्रालयातल्या लिपिकापासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकापर्यंत सगळ्यांच्या संघटना आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले तेव्हा जिल्हाधिकारी कचेऱ्यांबाहेर बंदोबस्ताला पोलीस होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्या त्या पोलिसांचीही जुनी पेन्शन गेलेलीच आहे. घोषणा त्यांच्याही हिताच्या होत्या. त्यांनी फक्त दोर धरून उभे राहायचे.

एकट्या पोलिसाने खात्याबाहेर दाद मागायची तर वाट एकच, मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. वकील स्वतःचा, पैसे स्वतःचे, तारखेला जायला रजा पुन्हा त्याच साहेबाकडून. चुकीची बदली रद्द व्हायला कधीकधी इतका काळ जातो, की तोवर मुलांची शाळा बदललेली असते. संघटना असती तर हजारो जणांच्या सारख्याच तक्रारीसाठी हजार खटले लागले नसते.

पोलिसांच्या हातात आपल्या कामाचे नियोजन दिले तर काय होते, याचा दाखला मुंबईतच आहे. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याची. माणसे वाढवल्याशिवाय आठ तास शक्य नाहीत, असे सगळे म्हणत असताना त्याने आहे त्याच मनुष्यबळाचा तक्ता मांडला, कोणत्या कामावर किती माणसे खरोखर लागतात हे दाखवले आणि तो तक्ता थेट आयुक्तांपर्यंत नेला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेतला, आणि प्रयोग एका ठाण्यावरून इतर ठाण्यांत गेला. माणसे वेळेवर घरी जाऊ लागली. आजारी रजा घेऊन थोडी विश्रांती मिळवण्याची गरज उरली नाही.

पुढे अधिकारी बदलले, कोरोना आला आणि ती घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचा आदेश निघाला, तोही प्रायोगिक. कुठे पाळला जातो, कुठे नाही. ते पूर्णपणे प्रभारी कोण आहे यावर ठरते. मला यातले सगळ्यात मोठे दुखणे हेच वाटते. एका माणसाच्या चांगुलपणावर मिळालेली सोय त्याच्या बदलीबरोबर जाते. करार झालेला असता, त्याच्या एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्यांची संघटना असती, तर नव्या साहेबाला तो मोडता आला नसता.

आता त्या शंकेकडे येतो, जी हे वाचताना तुमच्या मनात आली असेल. संघटना झाली तर ती मारझोड करणाऱ्याला, लाच खाणाऱ्याला पाठीशी घालेल. ही शंका खोटी नाही. अमेरिकेत २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा दोषी पोलिसांना कामावर टिकवून ठेवण्यात तिथल्या पोलीस युनियनांचा किती हात असतो, हे जगाने पाहिले. आपल्याकडे सांगलीत २०१७ मध्ये कोठडीतल्या तरुणाला मारहाणीत ठार करून त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. असल्या आरोपींच्या बाजूने उभी राहणारी संघटना मला नको आहे, तुम्हालाही नको असेल. म्हणून मान्यता देतानाच अट घाला: कोठडीतला मृत्यू, मारहाण, लैंगिक अत्याचार आणि लाच या प्रकरणांतल्या चौकशीत संघटनेला हस्तक्षेप करता येणार नाही. आरोपीला वकील मिळण्याचा हक्क राहील, पण चौकशी थांबवा म्हणून संघटनेचा ठराव होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण सांगितले होते. ते प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यांत खऱ्या अर्थाने चालावे, हीही मागणी याच पत्रात करा. जो नागरिक पोलिसाच्या विश्रांतीसाठी बोलतो, त्यालाच पोलिसाच्या हिशेबाची मागणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

उलट बाजूही सांगतो. बेकायदा तोंडी हुकूम मिळाला, अमुक नाव गुन्ह्यात घाल, तमुक नाव वगळ, तर आज शिपाई एकटा असतो. नाही म्हटले की बदली, किंवा कुठल्या तरी क्षुल्लक कारणावरून खात्यांतर्गत चौकशी. त्याच्यामागे कोणी उभे राहणार असेल, तर नाही म्हणणारे वाढतील. त्याचा फायदा सर्वात आधी तुमच्या-माझ्यासारख्या वशिला नसलेल्या माणसाला होईल.

२००८ च्या मुंबई हल्ल्यात, २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. आपण त्यांना अशोकचक्र दिले, पुतळा उभारला, दरवर्षी फुले वाहतो. कोरोनात नाक्यानाक्यावर उभे राहून शेकडो पोलीस गेले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. हे योग्यच होते. पण हुतात्मा झालेल्याचा सन्मान करणाऱ्या समाजाने जिवंत असलेल्याला बोलू द्यायला नको का?

पत्रात काय लिहायचे ते सांगतो. शिपाई ते पोलीस निरीक्षक या दर्जांसाठी निवडणुकीने बनलेली एक संघटना सरकारने मान्य करावी. ती कोणत्याही पक्षाशी, जातीशी, धर्माशी जोडलेली नसावी. संपावर बंदी कायम राहावी. तिच्या प्रतिनिधींशी गृह विभागाने ठरावीक काळाने बैठक घ्यावी आणि बैठकीचे इतिवृत्त जाहीर करावे. प्रतिनिधींमध्ये महिला पोलिसांचे स्थान निश्चित असावे, म्हणजे बंदोबस्ताच्या जागी फिरते स्वच्छतागृह नेण्यासाठी कोणाला हात जोडावे लागणार नाहीत. आणि संघटनेत काम केले म्हणून कोणाची बदली होऊ नये.

गणेश मंडळांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या मांडवाबाहेर दहा दिवस उभे राहणाऱ्यांना तुम्ही चहा देता, आरतीला बोलावता. या वर्षी मंडळाच्या लेटरहेडवर हे पत्र लिहा आणि सगळ्या कार्यकर्त्यांच्या सह्या घ्या. निवृत्त पोलीसदादा-ताईंनो, तुमच्यावर आता शिस्तभंगाची तलवार नाही, तुमचे अनुभव तुमच्या नावाने लिहा. पोलीस लायनीतल्या वहिनींनो, तुम्ही आजवर घरांसाठी मोर्चे काढले आहेत, या मागणीतही पुढे या. वकिलांनी आपल्या तालुक्यातल्या लोकांना मसुदा करून द्यावा.

पत्र आपल्या मतदारसंघाच्या आमदाराच्या नावे लिहा, प्रत गृह विभाग, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२ येथे पाठवा. पोस्टाने, पोचपावतीसह. सभागृहात हा प्रश्न विचारणार की नाही, याचे उत्तर लेखी मागा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर पोचपावती घेऊन आमदाराच्या कार्यालयात जा, आणि जाताना शेजारच्या दोघांना बरोबर न्या.